फाइल लॉकस्मिथ: अडकलेली फाइल कुणी धरलीय ते लगेच कळतं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपी दुकानांत लग्नसराईत एकच पत्रिका दोन-तीन प्रोग्रॅममध्ये उघडी राहते. मग फाइल ना डिलीट होते, ना तिचं नाव बदलता येतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या विंडोजसाठीच्या मोफत टूल-संचात २०२२ साली आलेलं फाइल लॉकस्मिथ हे टूल त्यासाठी चोख आहे. फाइलवर किंवा अख्ख्या फोल्डरवर राइट क्लिक करा, ‘अनलॉक विथ फाइल लॉकस्मिथ’ निवडा, की ती धरून बसलेले प्रोग्रॅम समोर येतात.

यादीत ‘प्रिव्हहोस्ट’ दिसलं तर दोष एक्सप्लोररच्या प्रिव्ह्यू पेनचा, म्हणजे फाइल न उघडता तिची झलक दाखवणाऱ्या बाजूच्या भागाचा. ऑल्ट आणि पी दाबून ते बंद करा, फाइल सुटते. यादी रिकामी आली तर टूल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून परत चालवा. दुसऱ्या युजरचे प्रोग्रॅम त्याशिवाय दिसत नाहीत.

यादीतल्या प्रोग्रॅमसमोरचा ‘एंड टास्क’ पर्याय मात्र जपून वापरा. तो फाइल नाही, पूर्ण प्रोग्रॅमच बंद करतो आणि सेव्ह न केलेला मजकूर जातो, मराठी असो वा कन्नड. आधी सेव्ह करा.

मोठी उणीव एकच: शेअर्ड फोल्डरमधली फाइल पलीकडच्या कॉम्प्युटरवर उघडी असेल तर तिथला प्रोग्रॅम दिसत नाही. त्यासाठी फोल्डर असलेल्या मशीनवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स असं जावं लागतं. ५ पैकी ४.