ढेकूण: पेस्ट कंट्रोल की वाफ? दोन्ही करून बसलेल्याचं मत

"डास चावले असतील" हा टप्पा तुमचा संपलाय, गादीच्या शिवणीतले काळे ठिपके बघून झालेत, कापूर आणि कडुनिंबाचा पालाही करून झालाय असं धरून चालतो. आता प्रश्न एवढाच की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं का स्टीमर आणून स्वतः वाफ मारायची. आमच्या ठाण्याच्या वन बीएचकेत भाचा होस्टेलची बॅग घेऊन चार दिवस राहून गेला त्यानंतर हे सुरू झालं (त्याला अजून बोललेलो नाही), आणि मी आधी एक, मग दुसरं असं दोन्ही केलं.

पेस्टवाल्याचं चांगलं ते आधी सांगतो. दीड तासात काम संपतं, आणि पडद्याच्या रॉडमागे, बिजागरीत, भिंतीच्या फटीत, जिथे आपलं डोकं चालत नाही तिथेही तो मारतो. शिवाय औषध काही दिवस टिकतं, नंतर त्यावरून चालत गेलेला ढेकूणही मरू शकतो. वाफेचं तसं नाही, लागली तिथला मेला, दोन इंच बाजूचा वाचला. हा फरक मोठाय, नाकारत नाही.

पण अंडी बहुतेक औषधांना दाद देत नाहीत, ती आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून पंधरा दिवसांनी दुसरी फेरी. तोवर झोपायचं त्याच पलंगावर, कारण तुम्ही हॉलमध्ये गेलात की ते पण तुमच्या मागे हॉलमध्ये. म्हणजे पैसे आपण द्यायचे आणि आमिषही आपणच व्हायचं. हे पण चाललं असतं हो, मला नडलं ते लादीचं.

पेस्टवाल्याची अट होती, "दुसऱ्या फेरीपर्यंत कडेकडेने लादी पुसायची नाही, पुसली तर गॅरंटी नाही." आमची लेक तेव्हा रांगत होती. रांगणारं पोर खोलीच्या मधोमध कधी बसलेलं बघितलंय का तुम्ही? भिंत धरून धरून जाणार, पलंगाच्या पायाशी बसणार आणि तोच हात तोंडात. आम्ही कडेची वीतभर जागा सोडून पुसत होतो आणि बाईसाहेब नेमक्या त्या वीतभरात. मग उशांचा बांध घातला, तो तिने पहिल्याच दिवशी फोडला. बायको फडकं घेऊन उभी आणि मी गॅरंटी कार्ड घेऊन, असे पाच दिवस काढले, सहाव्या दिवशी तिने मला न विचारता साबणाच्या पाण्याने अख्खं घर पुसून काढलं. दुसऱ्या फेरीला पेस्टवाल्याच्या टॉर्चमध्येच एक जिवंत सापडला. तो शांतपणे म्हणाला, "लादी पुसली ना मॅडम?" झालं, 2200 रुपये गेले.

मग स्टीमर आणला, जवळपास तेवढ्याचाच. ढेकूण आणि अंडी दोन्ही पन्नास डिग्रीच्या थोडं वर टिकत नाहीत आणि वाफ त्याहून कितीतरी गरम, त्यामुळे आतापर्यंत औषधं पचवलेला ढेकूण असला तरी इथे त्याचं काही चालत नाही. पण काम चिकाटीचं आहे. नोझल गादीला टेकवून एका वितेला दहा सेकंद तरी द्यायचे, घाई केली की वरचेवर फक्त ओलं होतं. जोर जास्त असेल तर ढेकूण उडून पलीकडे पडतात, म्हणून नोझलला सुती फडकं बांधायचं. स्क्रूची भोकं विसरू नका, आमची अर्धी वसाहत तिथेच होती. विजेच्या बोर्डापासून लांब राहा. दर रविवारी एकदा असं महिनाभर केलं. ढेकणाच्या संगे हिरा भंगतो म्हणतात, आमची पलंगाची प्लाय फुगली आणि एका कोपऱ्यात सनमायका सुटला, तेवढं नुकसान धरून चाला.

गोधड्या मात्र मे महिन्यात काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गच्चीवर ठेवल्या. नुसतं ऊन दाखवून उपयोग नाही, ते सरळ सावलीच्या बाजूला सरकतात. आणि महिनाभर गावी जाऊन ते उपाशी मरतील असंही समजू नका, मोठा ढेकूण कित्येक महिने न खाता राहतो.

पीजीत सहा-सात कॉट असतील, भिंतींना भेगा असतील, किंवा शेजारच्यांकडेही झाले असतील तर माझ्या मते पेस्टवालाच बरा, वाफ मारता मारता जीव जाईल. घरात दोन खोल्या आणि लहान मूल असेल तर मी तरी वाफेकडेच वळेन, बाकी ज्याची त्याची सोय. फक्त धान्यात ठेवायच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर अजिबात ऐकू नका, त्यातून निघणाऱ्या गॅसने माणसं गेलीत, कधी कधी तर शेजारच्या फ्लॅटमधली. नुवान या कीटकनाशकावर पण 2020 च्या शेवटी बंदी आलीये, कुठे जुनी बाटली मिळाली म्हणून आणू नका.

आमच्याकडे आता आठ महिने ठिपका नाही, तरी रविवारी रात्री जुनं एटीएम कार्ड गादीच्या शिवणीतून फिरवतो, सवयच लागलीये. परवा समोरच्या काकू स्टीमर मागून घेऊन गेल्या. पडद्यांच्या इस्त्रीला हवाय म्हणाल्या. मी नोझलला बांधायचं फडकं पण सोबत दिलं.