मॉडेल टी घ्यावी की मॉडेल ए?

अमेरिकेत राहून जुनी फोर्ड घ्यायची म्हटलं की या दोनच गाड्यांवर मन अडतं. टी दीड कोटीच्या आसपास बनल्या, ए सुमारे ४८ लाख. त्यामुळे दोन्ही अजून मिळतात आणि सुटे भागही नव्याने तयार होतात.

टी मात्र चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. पायाशी तीन पेडल असतात, पण ॲक्सिलरेटर हाताशी, स्टिअरिंगखालच्या उजव्या दांडीवर. डावी दांडी इंजिनात पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीची वेळ मागेपुढे करते. डावं पेडल तळाशी दाबलं की पहिला गिअर, पूर्ण सोडलं की दुसरा. मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. गडबडीत क्लच समजून डावं पेडल दाबाल तर गाडी पुढेच रेटेल. १९२६ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत टाकी सीटखाली असते आणि पंप नसतो. पेट्रोल कमी असलं की खड्या चढावर ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नाही, म्हणून टाकी वरच्या बाजूला राहावी यासाठी लोक चढ रिव्हर्समध्ये चढायचे! हँडल मारताना ठिणगीची दांडी मागे घ्यायला विसरलात तर हँडल उलटं फिरून मनगट मोडू शकतं. सेल्फ-स्टार्टर १९१९ पासून मिळू लागला. नवख्याने तसलीच टी शोधावी. चाकांचे लाकडी आरे हलवून बघा, सैल असतील तर आधी त्यांचा खर्च धरा.

डिसेंबर १९२७ मध्ये आलेली ए बरीच ओळखीची वाटते. पेडल आजच्यासारखी, गिअर तीन, ब्रेक चारही चाकांना. टीचं इंजिन २० अश्वशक्तीचं, हिचं ४०. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायला शिकलात की झालं. घरच्यांना घेऊन रविवारी लांब जायचं असेल तर मॉडेल ए हीच गाडी घ्या.

तरी माझा जीव टीवरच आहे. फोर्डच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर गाड्यांची जोडणी सुरू झाली आणि चासी (गाडीचा सांगाडा) जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर आला, तो याच गाडीसाठी. १९०८ मध्ये ८५० डॉलरला निघालेली टी १९२५ मध्ये २६० डॉलरपासून मिळू लागली, आणि शेतकऱ्याच्या दारात गाडी आली. मागचं चाक जॅकवर उचलून, त्याला पट्टा जोडून तो तिच्यावर लाकडंही कापून घ्यायचा.