मायक्रोसॉफ्टचा पर्यावरण अहवाल: रंगीत पानं नंतर, आधी आकड्यांचा तक्ता

मोठी कंपनी पर्यावरणाच्या बाबतीत पुढे जातेय की मागे, हे तिच्याच कागदांवरून तपासायचं असेल, तर मायक्रोसॉफ्टचा २०२५ चा ‘एन्व्हायर्नमेंटल सस्टेनेबिलिटी रिपोर्ट’ हाताशी घ्यावा. तो फुकट डाउनलोड होतो. सोबत ‘डेटा फॅक्ट शीट’ नावाची वेगळी पीडीएफ असते, आणि खरा माल तिच्यात आहे. मुख्य अहवालात प्रकल्पांची वर्णनं जास्त. फॅक्ट शीटमध्ये वर्षवार तक्ते आणि हिशेबाची पद्धत. सुरुवात तिथूनच करावी.

पार्श्वभूमी थोडक्यात. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने शब्द दिला की २०३० पर्यंत ती ‘कार्बन निगेटिव्ह’ होईल, म्हणजे वर्षभरात हवेत जितका कार्बन सोडेल त्याहून जास्त काढून घेईल. शिवाय १९७५ मधल्या स्थापनेपासूनचं थेट आणि विजेच्या वापरातलं सगळं उत्सर्जन २०५० पर्यंत भरून काढेल. अर्धा रस्ता संपला तेव्हाचा हिशेब असा: २०२० च्या तुलनेत एकूण उत्सर्जन २३.४ टक्क्यांनी वाढलेलं. त्याच काळात विजेचा आणि इतर ऊर्जेचा वापर १६८ टक्क्यांनी आणि महसूल ७१ टक्क्यांनी वाढला. उद्दिष्टाच्या उलट दिशेला गेलेला आकडा कंपनीने स्वतः पुढे मांडला, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं.

मात्र हे तीन आकडे एकत्र ठेवून पाहा. महसुलाच्या दर डॉलरमागे उत्सर्जन सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, तर दर डॉलरमागे ऊर्जा ५७ टक्क्यांच्या आसपास वाढली. एकाच कंपनीचं, त्याच काळाचं चित्र निकष बदलला की उलटं होतं. ‘प्रति महसूल’ असा आकडा एकटा दिसला की शेजारी एकूण टनांचा आकडा शोधायचाच. वातावरणाला टन कळतात.

आता सर्वात महत्त्वाचा तक्ता, स्कोप २. विकत घेतलेल्या विजेमुळे होणारं उत्सर्जन यात येतं, आणि ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार ते दोन पद्धतींनी द्यावं लागतं. ‘लोकेशन-बेस्ड’ म्हणजे ज्या ग्रिडवरून वीज घेतली त्याच्या सरासरीने काढलेलं. ‘मार्केट-बेस्ड’ म्हणजे हरित वीज खरेदीचे करार आणि प्रमाणपत्रं वजा करून काढलेलं. जून २०२४ ला संपलेल्या आर्थिक वर्षात मायक्रोसॉफ्टचा मार्केट-बेस्ड आकडा साधारण २.६ लाख टन आहे, आणि लोकेशन-बेस्ड आकडा ९९ लाख टनांच्या पुढे. २०२० पासून पहिला घटत आलाय, दुसरा दुपटीहून जास्त झालाय. ‘स्कोप १ (कंपनीचं स्वतःचं थेट उत्सर्जन) आणि २ मध्ये २९.९ टक्के घट’ हे मथळ्यातलं वाक्य फक्त पहिल्या आकड्यावर उभं आहे.

इतका फरक कसा पडतो, ते आपल्याकडच्या उदाहरणाने पाहू. पुण्यात मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर्स आहेत. समजा एका इमारतीने वर्षाला १ कोटी युनिट वीज घेतली. भारतीय ग्रिडची सरासरी युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरली, तर लोकेशन-बेस्ड हिशेब ७,००० टन. तेवढ्याच युनिटांची सौर प्रमाणपत्रं घेतली की मार्केट-बेस्ड हिशेब शून्य, मग तो सौर प्रकल्प दुसऱ्या राज्यात असो आणि रात्री दोन वाजता सर्व्हर कोळशाच्या विजेवर चालोत. दीर्घ मुदतीच्या करारांमुळे नवे प्रकल्प उभे राहतात, त्यामुळे मार्केट-बेस्ड आकडा निरर्थक नाही. पण वर्षाची बेरीज जुळणं आणि त्या-त्या तासाला स्वच्छ वीज मिळणं यांत मोठं अंतर आहे. ते मिटवण्यासाठी ‘१००/१००/०’ हे उद्दिष्ट कंपनीनेच २०२१ मध्ये जाहीर केलं: शंभर टक्के वीज, शंभर टक्के वेळ, शून्य कार्बन. तिथवर किती पोहोचलो हे तासातासाच्या हिशेबाने सांगण्यात गूगल पुढे आहे. त्यांचा जागतिक आकडा २०२३ साठी ६४ आणि २०२४ साठी ६६ टक्के होता, आणि मुंबई, दिल्ली अशा क्लाउड रीजनसाठी (एका भागातल्या डेटा सेंटर्सच्या गटासाठी) वेगळे आकडे ते देतात. मायक्रोसॉफ्टच्या अहवालातली ही सर्वात ठळक उणीव.

स्कोप ३ म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतच्या साखळीतलं उत्सर्जन, एकूण १५ प्रकार. मायक्रोसॉफ्टच्या एकूण उत्सर्जनात याचा वाटा ९७ टक्क्यांहून जास्त आहे, आणि तो २०२० पासून २६ टक्क्यांनी वाढलाय. तक्त्यात तीन ओळी पाहाव्यात: प्रकार १ विकत घेतलेला माल व सेवा, प्रकार २ भांडवली वस्तू, प्रकार ११ विकलेल्या उपकरणांचा वापर. डेटा सेंटरचं पोलाद, काँक्रीट आणि चिप्स प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारात येतात. इथे एक नियम लक्षात ठेवायला हवा. जमाखर्चात इमारतीचा घसारा वीस-तीस वर्षांवर पसरतो, पण कार्बनच्या हिशेबात भांडवली वस्तूचं सगळं उत्सर्जन खरेदीच्या वर्षातच लिहितात. बांधकामाचा जोर असेल तेव्हा आकडा उसळतो, बांधकाम मंदावलं की आपोआप खाली येतो. अशी घट दिसली तर सिमेंट-पोलाद खरंच बदललं की नुसतं कमी बांधलं, हे विचारावं.

दुसरी अडचण पद्धतीची. पुरवठादाराने प्रत्यक्ष मोजलेला आकडा दिला नाही, तर खर्चाला सरासरी गुणक लावून अंदाज काढतात. मग त्याच वस्तूचा भाव वाढला की कागदावर उत्सर्जन वाढतं, घासाघीस करून स्वस्तात घेतली की कमी होतं. कमी कार्बनचं पोलाद महाग असतं, त्यामुळे चांगलं काम केलेल्या खरेदीदाराचा आकडा उलट फुगतो. यावर उपाय एकच, पुरवठादारांकडून मोजलेली माहिती मिळवणं. मोठ्या पुरवठादारांनी २०३० पर्यंत शंभर टक्के कार्बनमुक्त वीज वापरावी, अशी अट मायक्रोसॉफ्टने घातली आहे. अहवालातल्या सगळ्या उपायांत मला ही अट सर्वात वजनदार वाटते.

दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वजाबाकी मात्र करू नये. २०२४ च्या अहवालात वाढ २९.१ टक्के होती, २०२५ च्या अहवालात २३.४. म्हणून वर्षभरात साडेपाच-पावणेसहा टक्क्यांची सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. पद्धत सुधारली की मागच्या वर्षांचे आकडेही नव्याने मांडले जातात. तुलना नेहमी ताज्या फॅक्ट शीटच्या आतल्या आत, आणि तळटीपा वाचूनच करावी. आणखी एक गोष्ट: आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं आणि अहवाल पुढच्या मे महिन्यात येतो. एआयसाठी इतक्या वेगाने बांधकाम चाललेलं असताना अकरा महिने जुना आकडा फार जुना ठरतो.

पाण्याचा भाग कमकुवत आहे. २०२४ च्या अहवालानुसार पाण्याचा वापर वर्षभरात सुमारे ६४ लाख घनमीटरवरून ७८ लाखांवर गेला. ‘वॉटर पॉझिटिव्ह’च्या, म्हणजे वापरलं त्याहून जास्त पाणी परत देण्याच्या, बाजूने दाखवलेलं पुनर्भरण मात्र करार झालेल्या प्रकल्पांच्या संपूर्ण आयुष्यात मिळणाऱ्या पाण्याचं असतं. एका वर्षाचा उपसा आणि अनेक वर्षांची भरपाई समोरासमोर ठेवता येत नाहीत. शिवाय पाणी ज्या खोऱ्यातून उपसलं तिथेच परत गेलं तर त्याला अर्थ. म्हणून जागतिक बेरजेपेक्षा खोरेवार तक्ता हवा. चांगली बाजू थंडाव्याच्या रचनेत आहे. ऑगस्ट २०२४ पासून नव्या डेटा सेंटर्ससाठी बाष्पीभवनाशिवाय चालणारी बंद चक्राची पद्धत स्वीकारली गेली. एका सेंटरमागे वर्षाला १२.५ कोटी लिटरहून जास्त पाणी वाचेल असा कंपनीचा अंदाज आहे. बदल्यात वीज थोडी जास्त लागते, तेव्हा पाणी आणि ऊर्जा या दोन्ही ओळी एकत्र वाचाव्यात.

कचऱ्याच्या आणि जमिनीच्या बाबतीत तक्रारीला फारशी जागा नाही. सर्व्हर आणि सुट्या भागांच्या पुनर्वापर-पुनर्चक्रीकरणाचं प्रमाण २०२४ मध्ये ९०.९ टक्के झालं, २०२५ चं ९० टक्क्यांचं उद्दिष्ट आधीच गाठलं. फक्त ‘पुन्हा वापरलं’ आणि ‘वितळवलं’ हे वेगळे मोजले तर बरं.

इन्फोसिस, टीसीएस किंवा कुठल्याही मोठ्या नोंदणीकृत भारतीय कंपनीचे शेअर असतील, तर हीच तपासणी तिच्या वार्षिक अहवालातल्या बीआरएसआरवर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरच्या अहवालावर) करता येते. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना तो बंधनकारक केला. पर्यावरण ‘प्रिन्सिपल ६’ खाली सापडतं. स्कोप १ आणि २ ‘एसेन्शियल इंडिकेटर्स’मध्ये आहेत, स्कोप ३ मात्र ऐच्छिक ‘लीडरशिप इंडिकेटर्स’मध्ये. ती जागा रिकामी असेल, तर ‘अमुक साली नेट झिरो’ या घोषणेत पुरवठा साखळी धरली आहे का, हे कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला ईमेल करून विचारा.