बाय की टिल, इन की ॲट? मराठी कानाला पडणारे इंग्रजी पेच

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका परदेशी ग्राहकाला लिहिलं होतं, 'आय विल सेंड द फाइल टिल फ्रायडे.' मनात होतं, शुक्रवारपर्यंत पाठवतो. पलीकडून उत्तर आलं, एकदाच पाठवलीत तरी चालेल. मी लिहिलेल्याचा अर्थ होत होता की शुक्रवार उजाडेपर्यंत मी ती फाइल पाठवतच राहणार!

चूक 'पर्यंत'ने केली होती. 'सोमवारपर्यंत फॉर्म भरा' आणि 'सोमवारपर्यंत थांबा' ही दोन वाक्यं आपल्याला एकाच घाटाची वाटतात. भरणं एकदाच होतं आणि थांबणं चालू राहतं, हे आपण क्रियापदावरून ओळखतो. इंग्रजीला तो फरक वेगळ्या शब्दाने दाखवावा लागतो. मुदतीच्या आत केव्हातरी एकदा उरकायचं असेल तर बाय, त्या क्षणापर्यंत सतत चालायचं असेल तर टिल. पाठवणं, पोचणं, पैसे भरणं बायकडे. थांबणं, झोपणं, राहणं टिलकडे. रजेच्या अर्जात मात्र मी टिलही टाळतो. 'ऑन लीव्ह टिल मंडे' म्हणजे सोमवारी हजर की मंगळवारी, यावर वाद घालणारे साहेब पाहिलेत. सरळ 'बॅक ऑन ट्यूजडे' लिहावं.

सिन्स की फॉर

हा पेच त्या मानाने सोपा, तरी चुकणारे जास्त. सिन्सला कॅलेंडरवरची खूण लागते: सिन्स 2019, सिन्स मंडे. फॉरला मोजलेली लांबी लागते: फॉर 2 इयर्स. मराठीत '2019पासून' आणि 'दोन वर्षांपासून' दोन्ही बिनदिक्कत चालतं, म्हणून 'सिन्स 2 इयर्स' तोंडात बसतं. जर्मन माणसंही हीच चूक करतात, कारण त्यांचा 'झाइट' आपल्या 'पासून'सारखाच दोन्हीकडे राबतो. फक्त शब्द बदलून भागत नाही, हे लक्षात ठेवा. 'आय ॲम वर्किंग हिअर फॉर 2 इयर्स' अजूनही चूकच. तिथे 'आय हॅव बीन वर्किंग' हवं.

इन, विदिन की आफ्टर

हे त्रिकूट मला सगळ्यात फसवं वाटतं, कारण यात वाक्य व्याकरणाने बरोबर राहतं आणि अर्थ बदलतो. 'दोन दिवसांत येतो' म्हणजे आज, उद्या किंवा परवा, केव्हाही. पण 'आय विल कम इन 2 डेज' ऐकणारा तुमची वाट परवा बघणार, उद्या नाही. 'दोन दिवसांत'ला विदिन, 'दोन दिवसांनी'ला इन. आपण 'दोन दिवसांनी'साठी आफ्टर वापरतो. ते समजतं, पण आजपासून पुढे मोजताना इंग्रजी कान इनचीच अपेक्षा करतो. कामाला किती वेळ लागला हे सांगतानाही इनच येतं: 'आय फिनिश्ड इट इन 2 डेज.' म्हणजे पुढचं सांगताना इन हे अंतर असतं आणि झालेलं सांगताना लागलेला वेळ. मुदत कळवायच्या मेलमध्ये मी तर थेट तारीखच घालतो.

सकाळी, रात्री, सोमवारी

मराठीत एकच ईकार, इंग्रजीत तीन वाटा: इन द मॉर्निंग, ॲट नाइट, ऑन मंडे. सर्वसाधारण सूत्र असं, की घड्याळाच्या काट्याला ॲट, दिवसाला किंवा तारखेला ऑन, त्याहून लांब पट्ट्याला आणि सकाळ-दुपारसारख्या दिवसाच्या भागाला इन. महाराष्ट्र राज्य इन 1960, इन मे, ऑन 1 मे स्थापन झालं. सकाळीच्या आधी वार चिकटला की दिवस जिंकतो: ऑन मंडे मॉर्निंग. 'ॲट नाइट' या सूत्रात बसत नाही, पाठच करावं लागतं. आणि लास्ट किंवा नेक्स्ट आला की काहीच लावायचं नाही. 'पुढच्या आठवड्यात'मधला 'त' आपल्याला 'इन नेक्स्ट वीक' म्हणायला लावतो, तो गिळावा.

जागेच्या बाबतीत प्रश्न असा विचारावा: बोलणारा त्या जागेकडे ठिपका म्हणून बघतोय, पृष्ठभाग म्हणून, की आत शिरता येईल असा परिसर म्हणून? गाडी 'ॲट दादर' थांबते, कारण गाडीच्या दृष्टीने दादर हा मार्गावरचा ठिपका. मावशी मात्र 'इन दादर' राहते. लक्ष्मी रोडवरचं दुकान ऑन, घरनंबर सांगितलात की ॲट. झाडाची गंमत वेगळीच. मराठीत आंबाही झाडावर आणि कावळाही झाडावर. इंग्रजीत आंबा 'ऑन द ट्री', कारण तो झाडाला लगडलेला. कावळा 'इन द ट्री', पानाफांद्यांच्या आत बसलेला. वाहनांत, ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ऑन: बस, लोकल, विमान. ज्यात वाकून बसावं लागतं त्याला इन: मोटार, रिक्षा. सायकल-घोडा अर्थातच ऑन.

बाय की विथ

'ने' या प्रत्ययाखाली कर्ताही लपतो आणि हत्यारही. 'किल्ड बाय अ रॉक' म्हणजे दरड कोसळली असावी. 'किल्ड विथ अ रॉक' म्हणजे दगड कुणाच्या तरी हातात होता. बातमी लिहिणाऱ्याने इथे घाई करू नये. प्रवासात बाय कार, बाय बस ठीक, पण गाडी कुणाची ते सांगितलं की बाय सुटतो: 'इन माय कार'. पायी असेल तर ऑन फूट.

जिथे तर्क थांबतो

आतापर्यंतचे पेच विचार करून सुटतात. पुढचे नाहीत. लग्न 'शी' होतं म्हणून 'मॅरिड विथ' म्हणावंसं वाटतं. बरोबर आहे 'मॅरिड टू'. एखाद्या माणसावर रागावलो तर 'अँग्री विथ', 'ऑन' नाही. 'पेक्षा' दिसलं की 'दॅन' येतं, पण सीनियर, ज्युनिअर, सुपीरियर हे लॅटिनमधून आलेले शब्द टू मागतात, आणि प्रिफरही टूच मागतं. डिस्कस, एंटर, रीच यांना तर काहीच नको: 'डिस्कस अबाउट' आणि 'रीच्ड ॲट' खोडा. अशा शब्दांची जोडी शब्दकोशातल्या उदाहरणवाक्यात बघून वहीत लिहावी. नियमाच्या मागे लागून हाती काही येत नाही. एका जोडीची मात्र धास्ती बाळगाच: 'आय लेफ्ट पुणे' म्हणजे पुणं सोडलं, 'आय लेफ्ट फॉर पुणे' म्हणजे पुण्याच्या दिशेने निघालो. मधला फॉर विसरलात, तर न्यायला येणारा माणूस भलत्याच गावात उभा राहील.

काही ठिकाणी दोन्ही बरोबर असतात आणि निवड पत्ता बघून करायची असते. ब्रिटिश माणूस 'ॲट द वीकेंड' म्हणतो, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. संघात असणं ब्रिटनमध्ये 'इन द टीम', अमेरिकेत 'ऑन द टीम'. डिफरंटच्या पुढे फ्रॉम दोघांनाही चालतं, टू ब्रिटिशांकडे ऐकू येतं, दॅन अमेरिकेत. मी फ्रॉम लिहितो आणि मोकळा होतो.