पाच महिने ‘झॉर्क’: दिवा अजूनही ऐन वेळी विझतो

जुलैत लॅपटॉपवर फ्रॉट्झ टाकलं आणि त्यात ‘झॉर्क १’ उघडला, म्हणजे इंग्रजीत आज्ञा टाइप करून खेळायचा जुना साहसी गेम. फ्रॉट्झ हा गेम नाही. झॉर्क बनवणाऱ्या इन्फोकॉम कंपनीने आपले गेम झी-मशीन नावाच्या एका काल्पनिक यंत्रासाठी लिहिले होते, त्या यंत्राचं सोंग घेणारा हा छोटासा प्रोग्रॅम. म्हणून १९८० चा गेम आजही जसाच्या तसा चालतो. चित्र नाही, आवाज नाही. पांढरं घर, दाराला फळ्या ठोकलेल्या, समोर टपालपेटी.

कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही तिघं हा खेळायचो. मी टाइप करायचो, एकजण नकाशा काढायचा, तिसरा डिक्शनरी घेऊन बसायचा. मराठी माध्यमवाल्यांना ‘सेप्टर’ आणि ‘चॅलिस’ कुठून माहीत असणार!

तेव्हा वाटायचं, मशीनला इंग्रजी कळतं. क्राउदर आणि वुड्सच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या त्याआधीच्या गेमला दोन शब्दांच्याच आज्ञा समजायच्या, याला ‘तलवारीने ट्रोलला मार’ असं अख्खं वाक्य चालतं. आता कळलं की तो प्रत्येक शब्दाची पहिली सहाच अक्षरं बघतो. ‘लीफलेट’मधला शेवटचा टी खाल्ला तरी पठ्ठ्या पत्रक वाचून दाखवतो.

त्रास तोच, जुना. कंदिलाची बॅटरी मोजकी, ओझं मोजकं, आणि अंधारात माणसं खाणारा ग्रू नावाचा राक्षस टपलेला. भूलभुलैयात सगळ्या खोल्यांचं वर्णन एकच, म्हणून खुणेला वस्तू टाकत जायचं, तर त्या चोर उचलून नेतो. ऑक्टोबरात कंदील मिणमिणायला लागल्यावर मी गेम सेव्ह केला. जुन्या सेव्हवरच. पुन्हा पहिल्यापासून. आणि फोनवर खेळायच्या भानगडीत पडू नका, ऑटोकरेक्ट ट्रोलपेक्षा जास्त जीव घेतो.

खरी अडचण वेगळीच आहे. तेव्हा अडलो की आठवडाभर अडलेलेच असायचो. मेसमध्ये जेवतानाही तेच. इन्फोकॉम अदृश्य शाईतल्या उत्तरांच्या पुस्तिका विकायचं म्हणे, पण आमच्या कॉपी केलेल्या फ्लॉपीसोबत त्या कुठल्या यायला! आता उत्तर शेजारच्या टॅबमध्ये असतं. रत्नजडित अंड्याच्या कोड्याचं मी बघितलं. दोन मिनिटांत सुटलं, आणि त्या संध्याकाळी पुढे खेळावंसंच वाटलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिन्ही झॉर्कचा सोर्स कोड अधिकृतपणे खुला केला, तो मात्र उघडला नाही. सगळी उत्तरं त्यातच आहेत की.

सध्या ३५० पैकी तीनशेच्या आसपास गुण आहेत. नकाशा या वेळी मीच काढला, दोनशे पानी वहीत, पेन्सिलने. त्याचा फोटो आमच्या नकाशेवाल्याला पाठवला. तो आता दुबईत असतो. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘उत्तर दिशा वर असते रे, गाढवा.’