जुनी चाके कुठे गेली?

जी चाके काढून टाकण्यासाठी मी २२,००० रुपये मोजले, तीच चाके साडेतीन महिन्यांनी इंजिनाखाली बसून माझ्या घरी परत आली, आणि हे ध्यानात यायला मला आणखी पाच आठवडे लागले. नाशिकमध्ये आणि आसपास छोट्या रेल्वेचा, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या चालत्या प्रतिकृतींचा, छंद असणारी माणसे फार नाहीत, पण जी आहेत त्यांच्यापैकी कोणी आपले इंजिन अशा कामासाठी परक्या हाती देण्याच्या विचारात असेल, तर त्याने हे आधी वाचावे म्हणून सारे क्रमाने लिहून ठेवतो आहे.

मी नाशिकरोडला राहतो. प्रेसमधील नोकरीत माझा मोठा काळ भिंगाखाली बारीक रेषा तपासण्यात गेला, त्यामुळे मी फसलो हे कळल्यावर घरचे आधी हसले. इंजिन माझ्या भाच्याने दिलेले होते. तो डर्बीला असतो आणि तेथील जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याला ते मिळाले. विलायतेच्या एलएमएस (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश) रेल्वेच्या सहा चाकांच्या शंटिंग इंजिनाची ही प्रतिकृती, ज्याला तिकडे लाडाने ‘जिंटी’ म्हणतात. अशी ४२२ खरी इंजिने १९२४ ते १९३१ या काळात बांधली गेली. रूप साधे, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, आणि स्वभाव आपल्याकडच्या यार्डातल्या जुन्या इंजिनांसारखा, म्हणजे दिवसभर मागेपुढे करीत डबे लावत बसण्याचा.

फसवणूक समजण्यासाठी मोजमापाची थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल. माझे इंजिन ज्या विलायती ‘डबल-ओ’ प्रकारातले, त्यात इंजिनाचे शरीर एका फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणात केलेले असते, पण रुळांमधील अंतर मात्र १६.५ मिलिमीटर ठेवलेले असते, जे खरे तर फुटाला ३.५ मिलिमीटर या लहान प्रमाणाचे आहे. विलायती गाड्या मुळात अरुंद असल्याने लहान प्रमाणात केलेल्या इंजिनात त्या काळच्या मोटारी मावत नव्हत्या, म्हणून शरीर वाढवले आणि रूळ होता तसाच राहू दिला. त्यामुळे ४ फूट साडेआठ इंचांचा खरा रूळ या गाड्यांखाली ४ फूट दीड इंचाचा, म्हणजे तब्बल सात इंच अरुंद दिसतो, आणि समोरून पाहिले की इंजिन गुडघे जवळ घेऊन उभे असल्यासारखे वाटते. (आपल्या नाशिकरोड स्टेशनातला साडेपाच फुटी रूळ याच प्रमाणात केला तर २२ मिलिमीटर भरेल.) हा दोष काढण्याचे दोन प्रस्थापित मार्ग आहेत. एक ‘पी-फोर’, ज्यात रुळाचे अंतर काटेकोर १८.८३ मिलिमीटर असते, चाके फार बारीक असतात आणि ती रुळावर टिकावीत म्हणून चासीला खालीवर हलणारे आस द्यावे लागतात. दुसरा ‘ईएम’, ज्यात अंतर १८.२ मिलिमीटर असते आणि साध्या ताठ चासीवरही काम भागते. मी ईएम निवडले होते. दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागा) असलेला सव्वा मीटरचा रूळ मी स्वतः घरी बांधला होता, पण गेल्या दोन वर्षांत उजव्या हाताला कंप सुरू झाल्याने चाके बदलण्याचे काम माझ्या हातून होण्यासारखे राहिले नव्हते.

एका ओळखीच्या गृहस्थांनी शहरातल्याच एका कारागिराचे नाव सुचवले. तो घरी आला, चहा घेतला, माझा रूळ बराच वेळ वाकून पाहिला आणि एकेक शब्द अगदी योग्य जागी वापरत बोलला. क्रँकपिन (चाकावरची खुंटी), कपलिंग रॉड (या खुंट्यांना जोडणारी दांडी), एका आसावरच्या दोन चाकांच्या पाठींमधील, म्हणजे आतल्या बाजूंमधील, अंतर, डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकमध्ये ९० अंशांचा फरक का लागतो, हे सारे त्याला तोंडपाठ होते. एक गोष्ट मात्र खटकली. ईएम म्हणजे ‘एक्झॅक्ट मेजरमेंट’ असे त्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. प्रत्यक्षात ते ‘एटीन मिलिमीटर’चे लघुरूप आहे, कारण सुरुवातीला हे अंतर १८ मिलिमीटरच होते. ज्याने या मापाची चाके खरोखर बसवली आहेत त्याला हे ठाऊक नसणे कठीण. पण घरी आलेल्या माणसाची चूक काढणे बरे दिसत नाही म्हणून मी गप्प बसलो, आणि त्या भिडेची किंमत पुढे मोजली.

ठरले असे, की नवी बारीक चाके, नवे आस आणि नव्या क्रँकपिना विलायतेहून मागवायच्या, त्याचे ९,५०० रुपये. मजुरी १२,५०० रुपये. चाकांचे सर्व पैसे आणि मजुरीपैकी ६,००० रुपये मी दसऱ्याच्या आधी यूपीआयने पाठवले. आठ दिवसांनी चाकांच्या पाकिटाचा फोटो आला. नंतर ‘कस्टममध्ये अडकले आहे’, ‘आता सुटले’, ‘आईला दवाखान्यात ठेवले आहे’ असे निरोप येत राहिले. (जे पाकीट फोटोत हातात होते ते कस्टममध्ये कसे अडकेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता, तो पडला नाही.) संक्रांतीनंतर त्याने इंजिन तयार असल्याचे कळवले आणि मी त्याच्या घरी गेलो.

तेथे टेबलावर एक मीटरभर सरळ रूळ होता. इंजिन त्यावर चार वेळा गेले आणि चार वेळा आले. रुंद पायांवर उभे असलेले ते इंजिन समोरून पाहून मला जो आनंद झाला तो मी लपवू शकलो नाही, आणि समोरच्याने तो पाहिला. मी हात पुढे केला तेव्हा ‘रंग ताजा आहे, दोन दिवस उलटे धरू नका’ असे सांगून त्याने इंजिन खोक्यात घातले. व्हर्नियर (बारीक मापाची मोजपट्टी) लावून त्याने पाठींमधील अंतर दाखवले, ते १६.५ मिलिमीटर, म्हणजे ईएमसाठी अगदी बरोबर. मी उरलेले ६,५०० रुपये दिले. निघताना जुनी चाके मागितली, तर ‘ती काढताना तुटली, फेकून दिली’ असे उत्तर मिळाले.

स्कूटरचे क्लचवायर बदलले तरी गॅरेजवाला जुनी वायर आणून दाखवतो. ज्या कामात सहा चाके आणि तीन आस बदलले जातात, त्या कामातून सहा चाके आणि तीन आस शिल्लक राहिलेच पाहिजेत.

घरी सरळ रुळावर इंजिन ठीक चालले, पण पहिल्याच सांध्यावर मधला आस उडाला. पुन्हा लावले, पुन्हा उडाला. फोन केला तर त्याने शांतपणे माझ्या रुळाला दोष दिला. माझ्या रुळावर माझाही पूर्ण विश्वास नसल्याने मी पंधरा दिवस सांधेच तपासत बसलो; चेकरेल (सांध्यावर चाकाला आवरून धरणारी रुळालगतची आतली पट्टी) आणि रूळ यांमधली फट सगळीकडे १ मिलिमीटर भरत होती. त्यानंतर इंजिन सरळ रुळावरही अडखळू लागले आणि कपलिंग रॉड एका ठरावीक जागी अडकू लागले. तेव्हा मी ते घेऊन सातपूरला, एका टूलरूममध्ये पूर्वी फिटर असलेल्या आणि आता स्वतःच्या लहानशा शेडमध्ये लेथ चालवणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांकडे गेलो.

त्यांनी छोटी रेल्वे कधी पाहिली नव्हती. इंजिन स्पंजवर उलटे ठेवून त्यांनी डोळ्याला भिंग लावले, एका चाकाची कड अंगठा आणि तर्जनीत धरली, दुसऱ्या हाताने समोरचे चाक घट्ट धरले आणि हलकेच पीळ दिला. चाक आसावर फिरले. ‘काका, हे चाक बसलेलं नाही, नुसतं चिकटवलेलं आहे,’ ते म्हणाले. मग त्यांनी चाकाच्या बाहेरील बाजूस मधोमध सुई टोचली. काळ्या रंगाखालची पांढरी लांबी (भोके बुजवायची पुट्टी) भुग्यासारखी गळून पडली आणि आत एक मिलिमीटर खोल खळगा दिसला, ज्याच्या तळाशी आसाचे टोक होते.

एका खळग्यातून सगळा उलगडा झाला. डबल-ओमध्ये पाठींमधील अंतर साधारण साडेचौदा मिलिमीटर असते. त्या माणसाने नवी चाके मागवलीच नव्हती. जुनी चाके जुन्याच आसांवर प्रत्येकी एक मिलिमीटर बाहेर ओढून त्याने पाठींमधील अंतर १६.५ केले होते, चाक आणि चासी यांच्यामध्ये वायसर भरले होते, बाहेर उरलेली भोके लांबीने बुजवली होती आणि चाकाची पकड कमी झाल्याने गोंद लावला होता. गोंद सुटू लागला तशी चाके आसावर किंचित सरकली, ९० अंशांचा कोन बिघडला आणि रॉड अडकू लागले. हे होणार याची त्याला कल्पना होती, कारण रॉडची भोके त्याने आधीच कानसून लांबट करून ठेवली होती. जिंटीच्या आसांमधील अंतरे सारखी नसतात. खऱ्या इंजिनात ती ८ फूट आणि साडेआठ फूट, म्हणजे या प्रमाणात ३२ आणि ३४ मिलिमीटर आहेत. नीट केलेल्या रॉडमध्ये क्रँकपिन या मापांवर फिरते आणि तिच्याभोवती नखाएवढीही मोकळीक नसते. माझ्या रॉडमध्ये ती खळखळत होती.

सांध्यावर उडण्याचे कारण आम्ही कागदावर मांडून पाहिले. जुन्या चाकाची फ्लँज, म्हणजे कडेची उभी धार, मोजली तर ०.८ मिलिमीटर जाड होती. पाठींमधील १६.५ मध्ये ही एक धार मिळवली की १७.३ होतात. ईएमच्या सांध्यात चेकरेलपासून समोरच्या क्रॉसिंगच्या नाकापर्यंत (दोन रूळ जिथे मिळतात त्या टोकापर्यंत) मात्र १८.२ वजा १, म्हणजे १७.२ मिलिमीटरच जागा असते. चेकरेल एका चाकाला आपल्याकडे ओढून धरते तेव्हा समोरच्या चाकाची धार नाकावर एक दशांश मिलिमीटरने, साध्या कागदाच्या जाडीइतकी, चढते. सरळ रुळावर दोन्ही धारा मिळून १८.१ भरतात आणि १८.२ मध्ये सुखाने मावतात. म्हणूनच त्याच्या टेबलावर सांधा नव्हता. व्हर्नियरवर दाखवलेला आकडा खरा होता, आणि मी तेवढाच पाहिला. धारेची जाडी, चाकाची रुंदी (ही पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास होती, बारीक चाकांहून ढोबळ) किंवा आसाची टोके पाहण्याची मला बुद्धी झाली नाही.

सर्वांत वाईट गोष्ट शेवटी दिसली. बाहेर आलेली चाके ब्रेकच्या ठोकळ्यांना घासू लागल्यावर ते ठोकळे बाहेर सरकवण्याऐवजी त्याने पक्कडीने तोडून टाकले होते, आणि पायपट्टीच्या आतील बाजू कानसून पातळ केली होती. पैसे परत येऊ शकतात. शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनाची ठेवण जपणारे ते चिमुकले ठोकळे येत नाहीत.

मी त्याला फोटो आणि मापे पाठवली. आधी उत्तर नाही, मग ‘एवढ्याशा खेळण्यासाठी काय काका’ असा निरोप. या धंद्याचा खरा आधार हाच आहे. साठी ओलांडलेला माणूस खेळण्यातल्या इंजिनासाठी तक्रार करायला लाजेल, हे गृहीत धरलेले असते. आणि मीही आठवडाभर लाजलो. पुढे भाच्याच्या ओळखीने पुण्यातील एका छांदिष्टाशी बोलणे झाले, तेव्हा त्यांच्याकडेही चाकांच्या पाकिटाचा फोटो निघाला. तेच पाकीट, तोच अंगठा, मागे तोच निळा टेबलक्लॉथ.

त्यानंतर मी वकिलांमार्फत नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसते आणि मुदत दोन वर्षांची असते, हे अनेकांना ठाऊक नसते, मलाही नव्हते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीचा प्राथमिक मार्ग नीट समजावून सांगितला गेला. यूपीआयच्या नोंदी, पाकिटाचा फोटो, सारे निरोप आणि सातपूरच्या फिटरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेली मापे मी जोडली. नोटीस पोहोचल्यावर चाकांचे ९,५०० रुपये मुकाट्याने परत आले. मजुरीचे १२,५०० द्यायला त्याने नकार दिला, कारण ‘काम तर केले आहे’. एका अर्थी ते खरेही आहे. न बदललेली चाके बदलल्यासारखी दाखवायला बरेच काम लागते. त्या रकमेची तक्रार आयोगापुढे आहे.

भाच्याने आता खरी चाके पाठवली आहेत. जिंटीचे चाक ४ फूट ७ इंचांचे, म्हणजे या प्रमाणात १८.३ मिलिमीटरचे, आणि त्याची धार हाताला जेमतेम लागते. सातपूरच्या गृहस्थांनी पितळेचा एक तुकडा लेथवर काटेकोर १६.५ मिलिमीटर करून दिला आहे. दोन चाकांच्या मध्ये तो धरायचा आणि चाके त्याला टेकेपर्यंत दाबायची. मागच्या रविवारी त्यांच्या शेडमध्ये पहिला आस बसला. सोडवलेली जुनी दोन चाके त्यांनी न मागता कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. उरलेले दोन आस येत्या रविवारी. ब्रेकचे ठोकळे मात्र पितळेच्या पट्टीतून नव्याने कापावे लागतील, आणि त्याला पावसाळा उजाडेल असे ते म्हणतात.