कॅटॅलिस्ट ९८०० चं अपग्रेड: अ‍ॅन्सिबल की कॅटॅलिस्ट सेंटर?

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९८०० वायरलेस कंट्रोलरचं अपग्रेड ऑटोमेट करायचं, तर दोन वाटा आहेत: अ‍ॅन्सिबल या ऑटोमेशन टूलची प्लेबुकं (कामांचा क्रम लिहिलेल्या फाइली), नाहीतर कॅटॅलिस्ट सेंटर, म्हणजे नेटवर्क सांभाळणारं सिस्कोचं पूर्वीचं डीएनए सेंटर. ठरवताना सगळे कंट्रोलरकडे बघतात. माझ्या मते बघावं एपींकडे, म्हणजे कंट्रोलर चालवतो त्या वाय-फाय अ‍ॅक्सेस पॉइंटांकडे. कंट्रोलर रीबूट होऊन उभा राहतोच. शेकडो एपी नवी इमेज (सॉफ्टवेअरची फाइल) घेऊन परत जोडले गेले का, हे बघण्यात रात्र जाते.

अ‍ॅन्सिबल फुकट, आणि क्रम पूर्ण तुमच्या हातात: इन्स्टॉल अ‍ॅड (इमेज कंट्रोलरवर चढवणं), एपींना प्रीडाउनलोड (इमेज आधीच पोचवणं), अ‍ॅक्टिव्हेट (ती चालू करणं), कमिट (बदल कायम करणं). मुळातल्या सेटिंगनुसार अ‍ॅक्टिव्हेटनंतर ६ तासांत कमिट दिलं नाही, तर कंट्रोलर आपोआप जुन्या व्हर्जनवर परततो. ही सोय फार मोलाची आहे. म्हणून प्लेबुकमध्ये अ‍ॅक्टिव्हेटला लागूनच कमिट लिहू नका. मध्ये एपींची मोजणी ठेवा आणि आकडा आधीच्या आकड्याशी जुळला तरच पुढे जा. नवखे हमखास अडकतात ते टाइमआउटवर. अ‍ॅन्सिबल कमांडला मुळात ३० सेकंद देतं, इन्स्टॉल अ‍ॅडला मात्र कित्येक मिनिटं लागतात. शिवाय अ‍ॅक्टिव्हेट मध्येच होकार मागतं. ‘प्रॉम्प्ट-लेव्हल नन’ जोडलं की मागत नाही.

कॅटॅलिस्ट सेंटरमध्ये ही जुळवाजुळव नाही. गोल्डन इमेज, म्हणजे सगळीकडे हवी ती प्रमाण इमेज, ठरवा, दिवसा ती पोचवून ठेवा, अ‍ॅक्टिव्हेशन रात्रीवर लावा. आधीच्या-नंतरच्या तपासण्या तेच करतं. पण परवाने आले, आणि सेंटरचीही देखभाल आली. निव्वळ अपग्रेडसाठी ते घेऊ नये.

कंट्रोलरच्या एक-दोन जोड्या असतील आणि टीममध्ये प्लेबुक वाचू शकणारी दोन माणसं असतील, तर अ‍ॅन्सिबलच घ्या. बरेच कंट्रोलर असतील आणि पाळीवरचं माणूस बदलत असेल, तर सेंटर.

रुग्णालयासारख्या ठिकाणी वाय-फाय बंद ठेवताच येत नाही. तिथे कुठलीही वाट घेतलीत तरी एचए जोडीवर (एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो अशा दोन कंट्रोलरवर) आयएसएसयू, म्हणजे सेवा चालू ठेवून होणारं अपग्रेड, वापरा. त्यात एपी टप्प्याटप्प्यानं, एका वेळी ५, १५ किंवा २५ टक्के असे रीबूट होतात, आणि शेजारशेजारचे एपी शक्यतो एकदम बंद होत नाहीत. मात्र कंट्रोलर इन्स्टॉल मोडमध्येच (इमेज उलगडून तिच्या पॅकेजांवरून बूट होणारा) हवा, आणि सध्याच्या व्हर्जनवरून नव्या व्हर्जनवर आयएसएसयू चालतं का, हे सिस्कोच्या तक्त्यात आधी बघून घ्या.